खिशाकडे पाहणारा दादा

दादा, तू गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी टीव्हीवर एक प्रेत श्वास घेत होतं.

सुतकाच्या घरात टीव्ही लावत नाहीत म्हणून वहिनीनं आपल्या टीव्हीवर चादर टाकून ठेवली होती. पण शेजारच्या लक्ष्मम्माकडे तो चालू होता, आणि त्यांची खिडकी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच आहे. मी ताटं पुसत उभी होते, नजर गेली. गालिच्यावर एक शेठजी मरून पडलेले. पाठीत सुरा. पाठीत सुरा खुपसलेला माणूस उताणा कसा पडला हा प्रश्न वेगळाच, पण त्यांचं पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. इन्स्पेक्टरनं नाडी पाहिली, टोपी काढली, खाली मान घातली. तेवढ्यात शेठजींची पापणी हलली. मी सवयीनं मागे वळून म्हणाले, "दादा, पाहिलंस का रे? मुडदा जिवंत आहे!" मागे तुझी खुर्ची होती, आणि तिच्यावर कुणीतरी वाळलेले कपडे आणून टाकले होते.

तुला घरी आणलं तेव्हा मी बराच वेळ तुझ्या छातीकडे पाहत बसले होते. बायका रडत होत्या, मला रडूही येत नव्हतं. मी वाट पाहत होते. वाटत होतं, एकदा तरी सदरा हलेल, कुठेतरी कुणीतरी चुकलं असेल. जन्मभर ज्या नटांना आपण हसलो, ज्यांना धड मरूनही पडता येत नाही म्हणून शिव्या घातल्या, त्यांच्यासारखी एक चूक तू कर, एवढंच मागत होते. तू केली नाहीस. तुझं काम आधीपासूनच फार नीट, त्याचा मला त्या दिवशी राग आला.

आदिलाबादला टीव्ही दिसायला लागला ते ऐंशीनंतरचं दशक आठव. तू गुडीहत्नूरला मंडल कचेरीत कारकून होतास, रोज हायवेच्या बसनं जायचास-यायचास. मी तुझ्या दोन खोल्यांच्या घरात राहून कॉलेज करत होते. बाबा भीमपूरजवळच्या आपल्या गावी कापूस-ज्वारी करायचे आणि बाजाराच्या निमित्तानं आपल्याकडे डोकावायचे. तू शटरचा काळा-पांढरा टीव्ही आणलास, बांबूला अँटेना बांधलीस आणि वारा सुटला की मला छतावर पाठवायला लागलास. मी वरून ओरडायची, "आलं का?" तू खालून ओरडायचास, "खुनी दिसून राह्यला, पोलीस नाई! अजून जराशी फिरव!"

रविवारी ती गुन्ह्यांची मालिका लागायची. तिचं नाव मी लिहीत नाही. तेवढा मान तिला द्यायची माझी इच्छा नाही. वहिनी तुरीच्या शेंगा सोलत बसायची, लक्ष्मम्मा पाटावर, तू खुर्चीवर, मी उंबऱ्यात. आणि आपण दोघं तिची चिरफाड करायचो. चुकीला आपला घरचा शब्द होता, ठिगळ. "दिसलं ठिगळ!" असं जो आधी ओरडेल त्याचा पहिला चहा.

दादा, काय एकेक ठिगळं होती ती! इन्स्पेक्टरच्या कपाळावरची पट्टी दार उघडेपर्यंत डावीकडे असायची आणि दार लावताना उजवीकडे जायची. खलनायकाची सिगारेट बोलता बोलता लांब होत जायची. बाहेर एवढा पाऊस की खिडकीच्या काचेवर कुणीतरी बादलीनं पाणी मारतोय हे स्पष्ट दिसावं, आणि आत येणाऱ्याचे बूट कोरडे ठणठणीत. भिंतीवरचं घड्याळ वर्षभर एकच वेळ दाखवत होतं. खून सकाळी होवो, संध्याकाळी होवो, साक्षीदार तेच घड्याळ पाहून वेळ सांगायचा आणि न्यायाधीश ती लिहूनही घ्यायचा. टेलिफोनची तार खुन्यानं कापलेली आपण डोळ्यांनी पाहिलेली असायची, आणि थोड्या वेळानं तोच टेलिफोन खणखणायचा. तू म्हणायचास, "आपल्याकडं तार धड असून नाई वाजत, यायचा कापल्यावर वाजते." नागपूरला ट्रंक कॉल लावून तू डाकघरात अर्धा दिवस बसून यायचास, आणि तो इन्स्पेक्टर रिसीव्हर उचलून फक्त "मुंबई" म्हणायचा की पलीकडे कमिशनर हजर. जणू तो बिचारा फोनशेजारी जन्मापासून बसला होता.

आणि मेलेले लोक परत यायचे! एका भागात विहिरीत पडून मेलेला मुनीम पुढच्या भागात वकील होऊन उलटतपासणी घ्यायचा. मिशी तीच, चष्मा तेवढा नवा. मालिकेवाल्यांकडे दहा-पाच नट, त्यांनाच आलटून पालटून मारायचं आणि उठवायचं. त्यांना वाटायचं, पाहणारे सगळे खुळे आहेत. बहुतेक होतेही. लक्ष्मम्माला हिंदी कळायची नाही, पण दर भागाच्या शेवटी ती मोठ्या काळजीनं विचारायची, "एवरु चंपारु?" कुणी मारलं? तू गंभीर चेहऱ्यानं सांगायचास, "दर्शकुडु, अम्मा." म्हणजे दिग्दर्शक. ती पुढचा अख्खा आठवडा त्या दर्शकुडूला शिव्या द्यायची आणि पुढच्या रविवारी विचारायची, अजून कसा पकडला नाही त्याला?

बाबांचं मत या सगळ्यावर एकाच वाक्याचं होतं: "बसल्या जागी डोये खराब करून राह्यले." पण एकदा तेही पकडले गेले. त्या भागात खेड्यातल्या पाटलाचा खून होता. घरात बायका कैरीचं लोणचं घालत होत्या आणि मागच्या शेतात कापूस फुटून पांढरा शुभ्र झाला होता. बाबा टोपी घालून निघाले होते, ते दारातच थांबले. "वैशाखात कापूस? कोन्या गाढवानं पेरला बे हा?" मग बाबा खाली बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. खुनी कोण याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. तो कापूस वेचायला कुणी येतं का, एवढंच ते पाहत होते. शेवटी न वेचताच मालिका संपली तेव्हा ते खरोखर नाराज झाले. तू मला डोळा मारलास आणि तो चहा त्या दिवशी बाबांना मिळाला.

तुझी रीत मला तूच शिकवलीस. मी आपली नटांचे चेहरे पाहत बसायची, कोण घाबरलं, कोण खोटं बोलतंय. तू म्हणायचास, "तोंड सगळेच पाह्यतात, कुसमे. तू हात पाह्य, खिसा पाह्य. तोंडाची काळजी घ्याले मानसं ठेवली असतेत, खिशाले कोनी इचारत नाई." आणि खरंच, इन्स्पेक्टरच्या खिशातलं पेन एका वाक्यात असायचं आणि दुसऱ्या वाक्यात नसायचं. एकदा तर आरशासमोरचं दृश्य संपलं तरी खिसा उजवीकडेच राहिला होता, आणि तू टाळी वाजवून उठला होतास. वहिनी हातातली शेंग खाली ठेवून म्हणाली होती, "खून कोनाचा झाला ते तं पाहा!" ते पाहण्यासारखं कधी काही नसायचंच. शेवटच्या पाच मिनिटांत खुनी स्वतःच उभा राहून सगळं सांगून टाकायचा. कुणी विचारलेलं नसताना, पुरावा नसताना, वर हसत हसत. तू म्हणायचास, आमचा शिपाई रजेचं कारणसुद्धा एवढ्या सुखानं सांगत नाही.

पण आपली सगळ्यात मोठी थुंकी राखून ठेवलेली होती ती जुळ्या भावासाठी. गोष्ट कुठेच जाईना की लेखक जुळा भाऊ काढायचा. मेला तो हा नव्हेच, हा त्याचा भाऊ! फोटोतला हा नव्हेच, हा त्याच्यासारखा दिसणारा! तू तेव्हा टीव्हीकडे पाठ करून बसायचास. म्हणायचास, "याच्यापक्षा तं भूत बरं. भुताले कमीत कमी फोटो लागत नाई."

म्हणूनच त्या दिवशी तू जे केलंस ते मला इतकी वर्षं पटलं नाही.

माझं कॉलेज झालं, पुढचं शिक्षण झालं आणि तलमडुगुकडच्या एका मराठी शाळेत मला नोकरी लागली. जूनला रुजू व्हायचं होतं. त्याच उन्हाळ्यात पैनगंगेपलीकडचं स्थळ आलं. घर चांगलं, जमीन चांगली, मुलगा शिकलेला. आपण सगळे गावी असताना मध्यस्थानं फोटो आणून दिला आणि त्याचबरोबर त्यांचा निरोपही: आमच्याकडे सुना नोकरी करत नाहीत. बाबा म्हणाले, "न करो. करायची कोनाले हौस हाय?" हौस मला होती. पण मी बोलले नाही. आपल्या घरात बाबांच्या तोंडावर तेव्हा कोण बोलत होतं? तूही नाही. तू पोराचा फोटो हातात घेऊन उंबऱ्यात बसलास, बराच वेळ पाहिलास आणि कोनाड्यात ठेवून दिलास. मी वहिनीच्या मागे चुलीजवळ बसून कांदा चिरत होते, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं कारण कुणी विचारलं नाही.

ते लोक गावी आले. मुलगा, आईवडील आणि मामा. पोहे झाले, चहा झाला. मी खाली मान घालून बसले होते, मला फक्त मुलाचे मोजे दिसले. बाबा खुश होते. सुपारी काढली, अडकित्ता हातात घेतला. एकदा सुपारी फुटली की लग्न ठरलं, मग मागे फिरणं नाही, हे काही तुला सांगायला नको. आणि तू कोपऱ्यातून उठून म्हणालास, "बाबा, थांबा. सुपारी फोडू नका."

कोनाड्यातला फोटो काढून तू बाबांच्या हातात दिलास. "पाहा. फोटोतल्या पोराच्या डाव्या गालावर तीळ हाय. हे जे बसले हायत, यायचा तीळ उजव्या गालावर हाय. हा फोटोतला मानूस नाई."

बाबांनी फोटो पाहिला, पोराकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. तीळ खरंच बाजू बदलून बसला होता. मुलाचे मामा तांबडे झाले. "म्हंजे काय म्हनता तुमी?" तू शांतपणे म्हणालास, "तुमच्या घरी यायचा एक मोठा भाऊ हाय न? बिनलग्नाचा? दाखवाचा एक आन् बोहल्यावर उभा कराचा दुसरा, असं आमच्याकडं होऊन गेलं हाय." तेही खरंच होतं. शेजारच्या गावात एका पोरीचं असंच केलं होतं आणि बाबा त्या पंचायतीत बसले होते. बाबांना एकच गोष्ट सहन व्हायची नाही, फसवणूक. तोपर्यंत हसत असलेले बाबा उठून उभे राहिले. मुलाची आई रडायला लागली, तिनं पोराच्या गालावरचा तीळ बोटानं घासून दाखवला. तो पोरगा बिचारा आपल्याच गालाला हात लावून बसला. त्यालाही शंका आली असावी की आपण कोण आहोत! सुपारी तशीच राहिली आणि ते लोक उन्हातच निघून गेले.

जूनला मी शाळेत रुजू झाले. पाऊस लागायच्या सुमारास मध्यस्थ परत आला, तोंड वाकडं करून, फोटोची मूळ निगेटिव्ह घेऊन. स्टुडिओवाल्यानं निगेटिव्ह उलटी धरून फोटो छापला होता. डावं ते उजवं, उजवं ते डावं झालं होतं. मुलगा तोच होता, भावाला कुणी उभं केलं नव्हतं. त्यांनी तोवर दुसरीकडे लग्न ठरवलंही होतं. बाबांनी माफीचा निरोप पाठवला आणि तुला अंगणात सगळ्यांसमोर उभं केलं. "टीव्ही पाहून पाहून येडा झाला बे तू! माहं नाक कापलं चार लोकांत!" तू खाली मान घालून ऐकून घेतलंस. त्यानंतर बाबांनी तुला कुठल्याच सोयरिकीत विचारलं नाही. चुलत बहिणींची लग्नं झाली, तुला पंगतीत वाढायला बोलावलं, बैठकीत नाही. गावात तुला 'जासूस' म्हणायला लागले. हायवेच्या बसमध्येही कंडक्टर म्हणायचा, "आओ जासूस साब." तू हसून तिकीट घ्यायचास.

आणि मी? मी तर सगळ्यात जास्त हसले. पुढे माझं लग्न ह्यांच्याशी झालं, ह्यांना माझ्या नोकरीची अडचण नव्हती, आदिलाबादलाच घर केलं आणि रविवारचं आपलं बसणं पुन्हा सुरू झालं. टीव्ही रंगीत झाला, चॅनेलं वाढली, ठिगळंही रंगीत झाली. प्रेताच्या ओठांना लिपस्टिक आली. पडद्यावर जुळा भाऊ आला की मी तुझ्याकडे बोट दाखवायची. "घ्या, आले जासूस साहेबांचे पाहुणे!" मी सगळ्यांना सांगायची, माझी नोकरी दादाच्या मूर्खपणावर उभी आहे. देवानं मला हुशार भाऊ दिला असता तर मी आज नदीपलीकडे दूध तापवत असते. मी हे चांगल्या मनानं म्हणायची, आभारच मानायची एका परीनं. पण दादा, त्यात तुच्छता होती रे. मला खरंच वाटायचं की ज्या माणसाला इन्स्पेक्टरच्या खिशातलं पेन दिसतं त्याला उलटा छापलेला फोटो कळू नये, म्हणजे कमाल आहे.

एकदा मी तुला सरळ विचारलंच. "तू आम्हाला खिसा पाहायला शिकवलंस. मग त्या फोटोतला खिसा का नाही पाहिलास?" तू शेंग सोलत म्हणालास, "त्या दिवशी मी तुह्या तोंडाकडं पाहून राह्यलो होतो." वहिनी उठून आत गेली. मला वाटलं, काय ही तकलादू सबब! मालिकेतला खुनीसुद्धा याहून बरी सबब देतो. तेही मी तुला म्हणाले आणि आपण दोघं हसलो.

गेल्या हिवाळ्यातला वाद तर अर्धाच राहिला. ती एका कैद्याची गोष्ट होती. कैदी पळून जातो, कारण पहारेकरी नेमका त्याच वेळी चहाला जातो, मागचं दार नेमकं उघडं असतं आणि भिंतीला नेमकी शिडी लावलेली असते. मी चिडले. म्हटलं, हे लिहिणाऱ्याला फटके मारायला पाहिजेत. एवढं मोठं भोक गोष्टीत कुणी ठेवतं का? आणि तू, जन्मभराचा ठिगळपकड्या, त्या लिहिणाऱ्याची बाजू घ्यायला लागलास! "ठिगळ पकडनं सोपं हाय, कुसमे. गोष्ट जुळवाले बसलं म्हंजे समजते. भोक नाई ठेवलं तं तो मानूस बाहीर कसा निंघन?" मी म्हटलं, निघू नये मग! राहू दे त्याला आत! तू म्हणालास, "तू मास्तरीन हायस, तुले काय जाते म्हनाले." माझं उत्तर तयार होतं, पण लाईट गेली आणि ह्यांना दुसऱ्या दिवशी लवकर कामावर जायचं होतं, म्हणून आम्ही उठलो. पुढच्या रविवारी ऐकवेन म्हटलं. मग दर रविवारी काही ना काही निघालं आणि राहूनच गेलं.

तुझ्या तेरवीला फोटो हवा होता. तुझा धड एकही फोटो नाही, तू नेहमी इतरांच्या लग्नात कडेला उभा. एका लग्नातल्या घोळक्यातून तुझा चेहरा काढून स्टुडिओवाल्यानं मोठा करून दिला. मी तो आणून पाटावर ठेवला, हार घातला. लांबून पाहिलं. चेहरा छान आला होता, तुझं ते ओठ मिटून हसणं. मी वहिनीला बोलावलं.

वहिनी पदरानं हात पुसत आली, एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "उलटा छापला बाई. खिसा उजवीकडं आला."

मी पाहिलं. सदऱ्याचा खिसा उजवीकडे होता, पेनसकट. भांगही फिरला होता. इतका वेळ हातात धरून आणलेला फोटो, मला दिसलं नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही बरं पटकन ओळखलंत!"

"यायनंच शिकवलं मले," वहिनी म्हणाली. "तुमच्या त्या पैनगंगेच्या फोटोच्या वेळी. मले मांगच्या आंगनात नेऊन दाखवला. म्हने, हा फोटो उलटा छापला हाय, पाह्य, मानसाचा खिसा कधी उजवीकडं असते का?"

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "कधी? मध्यस्थ आल्यावर?"

"नाई हो बाई. फोटो आला त्याच दिवशी. तुमी कांदा चिरत होत्या, त्या संध्याकाळी."

वहिनी हाराची फुलं सारखी करत बोलत राहिली. "मी म्हनलं, मंग सांगा न बाबाले. तं म्हने, हे नाई सांगाचं, हे कामाचं हाय. म्हने, पोरीचं तोंड पाह्यलं का तू? बाबाले पोरीचं मन सांगतलं तं ते आयकनार नाईत. फसवलं म्हनलं तं आयकतीन. मले म्हने, कोनाले बोलू नको. बाबाले समजलं तं पुन्हा दुसरं स्थळ आनून उभं करतीन. आन् मंग तुमी हसाले लागल्या. यायले तुमचं हसनं आवडे. म्हनून मी बी गप्प."

दादा, तुला आयुष्यात एकच गोष्ट रचायची वेळ आली, आणि काय गोष्ट रचलीस! दोन भाऊ, एक फोटो, एक तीळ! ज्या जुळ्या भावाकडे तू पाठ करून बसायचास तोच शेवटी तुझ्या कामी आला. ही गोष्ट टीव्हीवर आली असती तर आपण आठवडाभर हिच्यावर थुंकलो असतो. केवढं मोठं भोक होतं तिच्यात! कुणीतरी फक्त खिसा पाहिला असता तर तू तिथल्या तिथं पकडला गेला असतास, भरल्या बैठकीत, बाबांच्या समोर. कुणी पाहिला नाही. तुझी सगळ्यात तयार शिष्या तिथेच बसली होती, तिनंही पाहिला नाही. तिला मोजे दिसले. आणि पुढची सगळी वर्षं तीच तुला मूर्ख म्हणत हसत राहिली आणि तू शेंगा सोलत राहिलास.

मी ते बाबांना सांगितलं. सांगू नये असं वहिनीला वाटत होतं, पण मला राहवलं नाही. बाबा आता फार थकले आहेत. अंगणात खाटेवर बसले होते. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "मले सरळ सांगतलं असतं त्यानं, तं मी आयकलं असतं का वं?" बाबांनीच मान हलवली. "नसतं आयकलं." थोड्या वेळानं ते म्हणाले, "मी त्याले बैठकीत बसू नाई देल्लं." आणि टोपी काढून त्यांनी तोंडावर धरली. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तेरवीला खूप माणसं आली. हायवेचे बसवालेही आले. लक्ष्मम्मानं फोटोला फूल वाहिलं आणि तेलुगूत म्हणाली, अगदी आहे तसाच आला आहे. प्रत्येकानं हात जोडले. एवढ्या माणसांत कुणालाच काही दिसलं नाही.

स्टुडिओवाला फुकट बदलून द्यायला तयार होता, पण मी नको म्हटलं. वहिनीनं विचारलं, काऊन? मी म्हटलं, राहू द्या. तो फोटो आता तुझ्या खुर्चीच्या वर लावला आहे. काल रविवार होता. टीव्हीवर चादर होती, तरी मी गेले आणि उंबऱ्यात बसले. त्या कैद्याच्या वादावरचं माझं उत्तर तुला द्यायचं राहिलं होतं. ते आता मला देता येत नाही, कारण तू म्हणत होतास तेच बरोबर होतं आणि बाहेर निघाले ती मीच होते. फोटोत तू ओठ मिटून हसत होतास. मी तोंडाकडे फार वेळ पाहिलं नाही, खिशाकडे पाहत बसले. मग उठून चहा केला आणि पहिला कप तुझ्या खुर्चीपाशी ठेवला.